अवघड जागा

गुरुवार, सकाळी आठ. खोली नंबर चार.
अकुरेरीत अजून अंधार आहे, साडेअकरापर्यंत राहील.
सहा खुर्च्या, एक थर्मास, आणि मी,
जिचं काम फक्त लिहून घ्यायचं.

पहिलं नाव: हाल्बेरा. वय अठ्ठावन्न.
खोऱ्यातल्या शाळेची बस चालवते, एकतीस वर्षं.

मूत्ररोगवाले पुढच्या दाराबद्दल बोलतात,
आतड्यांच्या डॉक्टरीणबाई मागच्या दाराबद्दल,
मधल्या खोलीबद्दल केतिल, स्त्रीरोगाचा सर्जन.
तीन भाडेकरू, तीन कुलपं,
आणि खालची जमीन एकच, खचलेली,
जिचा सातबारा कुणाच्याच नावावर नाही.
इतकी वर्षं ती एकेका दारावर जाऊन आली.
प्रत्येकाने आपापली खोली तपासली,
म्हटलं, इथे ठीक आहे, शेजारी विचारा.

नर्स स्टेनवर वही उघडते.
लघवीची वही: कधी, किती, कुठे.
हाल्बेराने ती वेळापत्रकासारखी भरली आहे.
६:४०, मेंढ्यांच्या गोठ्यामागे.
७:५५, पेट्रोल पंप. दार बर्फाने धरलेलं. उशीर झाला.
१:१०, काही नाही. पाणीच प्यायले नव्हते.
आणि समासात, जिथे काही लिहायचं नसतं:
गरम पाण्याच्या तलावावर जात नाही. सहावं वर्ष.

कुणी काही बोलत नाही.
या गावात तलावावर न जाणं म्हणजे
गावात राहून गाव सोडणं.

मग बोझेना, फिजिओ, मूळची पोलंडची,
तिचं व्याकरण चुकतं, बोटं चुकत नाहीत.
"डावा स्नायू फाटला. जुना. पहिल्या मुलीचा, चिमट्याचा.
अंग खाली येतं ते त्याच्यामुळे.
उजवा दोघांचं काम करतो.
मी म्हणते, आवळा. आवळते.
मी म्हणते, आता सोडा. ती नुसती बघते.
चौतीस वर्षं तिने सोडलंच नाही."

दारातून ओरी, स्वागतकक्षातला, फाइल द्यायला आलेला:
"ती बसत नाही. मागच्या वेळी चाळीस मिनिटं
भिंतीला पाठ लावून उभी होती."
"हेही लिही," स्टेनवर म्हणते.
मी लिहिते.

केतिल चष्मा पुसतो. पुसून झालेला परत पुसतो.
"ऑपरेशन लागलं तर मी करणार नाही.
मी तिच्या बसमध्ये होतो."

अवघड जागी दुखणं आणि जावई डॉक्टर, म्हणतात.
इथे जावई नाही. तिसऱ्या रांगेतलं पोरगं आहे.

"सात वर्षांचा होतो. वादळात रस्ता बंद, दोन तास.
माझी चड्डी ओली झाली.
तिने आरशात पाहिलं. उठली, मागे आली,
आणि स्वतःची गार कॉफी माझ्या मांडीवर सांडली.
मोठ्याने म्हणाली, काय हे माझे हात, माफ कर रे.
सगळी पोरं तिला हसली."
मग माझ्याकडे बघून: "हे नको लिहूस."

लिहिलं ते असं.
आधार म्हणून सिलिकॉनची कडी, स्टेनवर बसवेल.
बोझेनाकडे बारा आठवडे, आधी सोडायला शिकणं.
बद्धकोष्ठासाठी आतड्यांच्या बाई, याच आठवड्यात.
ऑपरेशन, लागलंच तर, रेक्याविकहून दुसरं कुणी.
शाळेला पत्र: पंपावर सात मिनिटांचा थांबा.
कारण देऊ नये.

पत्रावर सही कुणाची, यावर थोडा वाद झाला.
शेवटी सगळ्यांनीच केली,
मूत्ररोगवाल्यांची रेषेबाहेर गेली.

काचेतून दिसतं: हाल्बेरा आली आहे, वेळेआधी,
अंगात बसवाल्यांचं पिवळं जाकीट, पाठ भिंतीला.
बोझेना बाहेर जाते. बसा म्हणत नाही.
शेजारी तशीच भिंतीला टेकून उभी राहते,
आणि काहीतरी सांगते, बहुतेक श्वासाबद्दल.

दुसरं नाव, कुणीतरी म्हणतं.
केतिल थर्मासमधली कॉफी ओतून घेतो.
केव्हाच गार झाली आहे.